ठमीची खोड

दिवेआगरात दादू दोन. एक सायकली दुरुस्त करतो, त्याला नुसतं दादू म्हणतात. दुसरा वरचा दादू. हा सदा पोफळीच्या शेंड्यावर असायचा, म्हणून वरचा. सोळाव्या वर्षी वर गेलेला माणूस साठाव्या वर्षापर्यंत खाली आला तो फक्त जेवायला आणि झोपायला, असं त्याची बायको नलू सांगायची. आणि जेवायलासुद्धा दोनदा हाक मारावी लागते, अशी पुस्ती जोडायची.

काम होतंही तसं. पायात काथ्याच्या दोरीचं कडं अडकवायचं, कमरेला कोयती खोचायची आणि सरळसोट पोफळीवर सरसर चढून जायचं. सुपारीचा घड तोडून दोरीवरून खाली सोडायचा. मग खाली उतरायचं नाही. पोफळ वरच्या वर हलवायची, झोका घ्यायचा आणि शेजारची हाताला लागली की तिच्यावर जायचं. एका चढाईत वीस-पंचवीस झाडं होत. खालून बघणारा डोळे मिटून घेई. दादूला त्याचं काही वाटत नसे. त्याला भीती वाटे ती जमिनीवरच्या गोष्टींची: बँकेतल्या फॉर्मची, दवाखान्यातल्या वासाची, आणि नलू गप्प बसली तर तिच्या गप्प बसण्याची.

दोरीचं खालचं टोक नलूच्या हातात असे. ती घड उतरवून घ्यायची, सुटलेल्या सुपाऱ्या वेचायची. पोफळीच्या वाडीत भरदुपारीसुद्धा सावली इतकी दाट की वरून खालचं माणूस दिसत नाही. म्हणून नलू भडक साड्या नेसायची. पिवळ्याधमक, केशरी, लालभडक. हिरवी साडी तिच्या अंगाला लागली ती एकदा लग्नातच.

"हिरव्यात मी कुटं हाय ते तुमाला वरनं कळायचं न्हाय," ती म्हणायची, "आन घड टाकाल माझ्या डोक्यावर."

तर अडतीस वर्षं दादूनं आपली बायको मुख्यतः वरून पाहिली. हिरव्या काळोखात हलणारा एक पिवळा नाहीतर केशरी ठिपका, आणि त्याच्या मधोमध भांग. लोकांच्या बायकांचे चेहरे लोकांना पाठ असतात. याला नलूचा भांग पाठ होता. तो पांढरा कधी होत गेला तेही त्याला नलूच्या आधी कळलं, कारण घरातला आरसा लहान होता.

मग सन वीसच्या जूनमध्ये वादळ आलं. तीन-चार तासांत सगळ्या वाड्या आडव्या झाल्या आणि दादूचं आयुष्यभराचं शिक्षण वाया गेलं. चढायला झाडच उरलं नाही. नवी लावलेली पोफळ हाताशी यायला सहा-सात वर्षं लागतात, आणि तेवढ्यात दादू सत्तरीकडे जाणार होता. वर्षभर त्यानं पडलेली झाडं तोडली, ओढली, बाजूला केली. त्यानंतर रोपांना पाणी घालू लागला. गुडघ्याएवढ्या पोफळीसमोर वरचा दादू कळशी घेऊन उभा राहिलेला बघून लोक नजर दुसरीकडे वळवत.

नलू मात्र वर्षाच्या आतच कामाला लागली. सुचिता म्हणून एक मालकीणबाई आहेत; वाडी गेल्यावर त्यांनी घराच्या मागे सहा खोल्या बांधून पाहुणे ठेवायला सुरुवात केली. त्यांच्याकडे चादरी धुण्याचं काम नलूनं धरलं. आधी हातानं, मग मशीन आलं. दोन पाण्यांतून काढायच्या, शेवटच्या पाण्यात वासाचं निळं औषध घालायचं, कडक उन्हात वाळवायच्या. नलूला त्या कामाचा मोठा अभिमान.

"एका पावन्याचा वास दुसऱ्याला लागता कामा न्हाय," ती दादूला समजावून सांगायची. "आधी कोन झोपलावता ते नाकाला कळलं, म्हंजे आपलं धुनं फुकट."

दादू नुसता मान हलवायचा. चादरीत त्याला काय कळतंय.

ठमी आली ती त्या खोल्यांतूनच. नाताळच्या सुट्टीत मुंबईकडचं एक कुटुंब उतरलं होतं. त्यांच्याबरोबर ही: पांढरी, लोकरीची, दोन वितींची, कुत्री म्हणायलाही जरा संकोच वाटावा एवढीशी. तीन दिवस राहून मंडळी गेली आणि ही खोलीतच. विसरले म्हणावं, तर मोबाईलचा चार्जर राहिला म्हणून त्यांचा लगेच फोन आला होता. सुचिताबाईंनी कुत्रीचं विचारल्यावर फोन बंद झाला तो कायमचा. सोडून का गेले ते खोली उघडल्यावर कळलं. खुर्चीचे दोन पाय कुरतडलेले, पडद्याची खालची बाजू गायब, आणि पलंगाच्या कोपऱ्याचा भुसा झालेला. गादीवर ही बसलेली, तोंडात उशीचा अभ्रा.

सुचिताबाई म्हणाल्या, "नलूताई, ही ब्याद मला नको हं." नलूनं तिला पदरात घेतलं आणि घरी आणलं. ठेंगणी आणि गोल म्हणून नाव ठेवलं ठमी.

पहिल्या दिवशी ठमीनं दादूच्या चपलेचा अंगठा खाल्ला. दादूनं हात उगारला. नलूनं तो वरच्या वर धरला.

"मारून काय व्हनार? तिला काम द्या. रिकामा जीव हाय, चावंल न्हाय तर काय करंल?"

रिकामा जीव हे दादूला लागलं. पण नलूचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. तिनं खोपटीतून नारळाचं एक सोडण आणलं, सालीचा तो सुका, रेषांचा तुकडा ठमीपुढे टाकला, आणि स्वतः सुपारी सोलायला बसली. सोलायचा पाट जुना होता; पुढे लोखंडी पातं, मागे बसायची फळी. ठमीनं तिच्या मांडीला पाठ टेकली आणि सोडण कुरतडायला घेतलं. पंधरा दिवसांत खोड मोडली. पाठ मांडीला, दात सोडणात. चपला सुरक्षित, खाटेचे पाय सुरक्षित. गावातल्या बायका बघायला येऊन गेल्या. दादूलासुद्धा कौतुक वाटलं.

असं जेमतेम वर्ष गेलं.

मार्गशीर्षात नलूला ताप आला. चार दिवस अंगावर काढला, दोन दिवस श्रीवर्धनच्या दवाखान्यात ठेवली, आणि अलिबागला नेताना वाटेत गाडीतच ती गेली. दादू तिच्या उशाशी बसला होता. त्याला वरून तिचा भांगच तेवढा दिसत होता.

नवऱ्याच्या आधी कुंकवानिशी गेली म्हणून बायकांनी तिला भाग्याची म्हटलं. दादूला त्या भाग्याचा संताप आला. आणि अशा बाईची साडी आपल्याकडे असावी असं सगळ्या बायकांना वाटतं, त्यामुळे तेराव्याला नात्यातल्या बायका दांडीवरच्या साड्यांकडे बघत बसल्या. सहा साड्या होत्या. पनवेलला दिलेली लेक प्रणाली हळूच म्हणाली, "बाबा, वाटायची रीत आहे. आईलाही आवडलं असतं." दादू दांडीसमोर जाऊन उभा राहिला.

"एकपन देनार न्हाय," तो म्हणाला.

एवढं एकच वाक्य, पण त्यानं दोन घरं दुखावली. नलूची एक नणंद अजून दादूशी बोलत नाही. दादूला पर्वा नव्हती. त्या साड्यांत बाई नव्हती हे काय त्याला कळत नव्हतं? पण दुपारी खाटेवर पडून त्या सहा रंगांकडे बघितलं की डोळे जरा मिटावेत, जरा उघडावेत, आणि आपण वर आहोत असं वाटावं. त्याला दुसरं काही नको होतं. उरलेली वर्षं तेवढ्यावर निघाली असती.

तेराव्याचे पाहुणे गेले त्याच आठवड्यात ठमीनं पाट कुरतडायला घेतला. सोडणाला तिनं तोंड लावलं नाही. नलू बसायची नेमकी ती फळी तिनं चावून चावून ओरबाडली. दादूनं विरी घेतली, पोफळीच्या झावळीचं ते बुडाकडचं चिवट आवरण, आणि आपटली जमिनीवर. ठमी खाटेखाली गेली. दादू पाणी शिंपायला गेला. परत येऊन बघतो तर केशरी साडीचा पदर दांडीवरून खाली ओढलेला आणि हातभर तुकडा नाहीसा.

दादूनं उरलेला पदर हातात धरला. केशरी साडी वादळाच्या आदल्या दिवशी नलूच्या अंगावर होती. शेवटची चढाई. शेवटचा घड त्यानं त्या केशरी ठिपक्याच्या बाजूला सोडला होता.

मग सुरू झाली शिकवणी. ठमीला बांधलं, तर तिनं दोरी खाल्ली आणि दोरी संपल्यावर खाटेचा पाय. तिखट कालवून दांडीच्या खांबाला लावलं, तर दिवसभर शिंकली, नाक चोळलं आणि संध्याकाळी गुलाबी साडीचा काठ खाल्ला. दादूचा जुना सोबती विठोबा रोज येऊन सल्ला देई. एकेकाळी तोही झाडांवर चढायचा, आता पाय मोडल्यानं काठीवर असतो.

"कोरफड लाव," विठोबा म्हणाला. "पोरांना अंगावरनं तोडताना बायका लावतात ना? कडू लागलं की परत येनार न्हाय."

कोरफड म्हटल्यावर दादूच्या डोळ्यांपुढे प्रणाली आली. दीड वर्षाची होती. नलूला सुगीच्या कामावर जायचं होतं, म्हणून तिनं कोरफडीचा गर छातीला लावला. पोर एकदा तोंड लावी, थू करी, आईकडे बघे. तीन दिवस तसं चाललं. पोर तिसऱ्या दिवशी गप्प झाली. नलू मात्र आठवडाभर चुलीपुढे डोळे पुसत होती. "मी काय केलं असं वाटलं असंल तिला," एवढंच म्हणाली होती.

तरी दादूनं पाटाला कोरफड चोपडली. ठमीनं पाट चाटला, थांबली, आणि त्याच्याकडे बघितलं. दादूनं तोंड फिरवलं. पाट सुटला खरा. पण साड्यांना कोरफड कशी लावणार? त्या त्यानं घड्या करून पेटीत भरल्या. ठमी पेटीशी जाऊन बसली आणि पत्र्याची कड चावू लागली. तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा त्यानं पेटी उघडली.

आणि पेटी उघडताना दादूला पहिल्यांदा तो वास आला. कोंडून राहिल्यानं जमलेला. मशेरीचा, खोबरेल तेलाचा, ओल्या सुपारीच्या तुरट चिकाचा. वर्षानुवर्षं मांडीवर सांडून कपड्यात बसलेला. दादू वाकला तो वाकलेलाच राहिला. शेजारून ठमीनंही डोकं आत घातलं. थोडा वेळ दोघांचं एकच काम चाललं होतं. मग दादूला स्वतःचीच लाज वाटली, त्यानं ठमीला बाजूला ढकललं आणि साड्या पुन्हा दांडीवर टाकल्या, जरा उंच.

त्या दिवसापासून त्याला चटक लागली. सकाळी चहाच्या आधी आणि संध्याकाळी दिवा लावल्यावर तो दांडीशी जाऊन एखाद्या साडीत तोंड घालून उभा राही. कुणाला सांगायची सोय नव्हती. साठी उलटलेला बाप्या असलं काय सांगणार? विठोबानं वेडा म्हटलं असतं, प्रणालीनं पनवेलला नेलं असतं.

होळीच्या दोन दिवस आधी लाल साडी गेली. ठमी पाटावर चढली, पाटावरून खाटेवर, खाटेवरून दांडीला लोंबकळली. दादू आला तेव्हा ती लाल चिंध्यांत बसली होती आणि शेपूट हलवत होती. त्याच्या डोक्यात सणक गेली. हातात जे होतं त्यानंच त्यानं तिला मारलं. हातात कळशी होती. ठमी केकाटली नाही, चार पावलं गेली आणि मागचा पाय उचलून उभी राहिली. तेव्हापासून ती त्या पायावर लंगडू लागली. दादूनं हळद उगाळून लावली, दूध-पाव पुढे ठेवला, तो तिनं खाल्ला नाही. दादूलाही जेवण गेलं नाही. नलू असती तर ती गप्प बसली असती, आणि ते त्याला सोसलं नसतं.

सहांतल्या आता तीनच धड उरल्या होत्या. पिवळी, जांभळी, निळी. त्या तरी वाचायला हव्यात, आणि पुन्हा मारायला लागू नये, असं दोन्ही मनात धरून तो सुचिताबाईंकडे गेला. तिथं पाहुणे कुत्री-मांजरं घेऊन येत, त्यांना कळेल.

सुचिताबाईंनी सगळं ऐकलं. मनानं चांगल्या आहेत.

"दादूकाका, ती कापड नाही चावत, वास चावतेय," त्या म्हणाल्या. "नलूताईंचा वास येतो ना तिला. तो गेला की बघणारसुद्धा नाही. तुम्ही आणा साड्या, मी मशीनला लावते. आपल्या चादरींसारख्या."

दादूला ते पटलं. पटलं एवढंच नाही, त्याला बरं वाटलं. नलूच्या साड्या नलूनं धुतलेल्या चादरींसारख्या निघणार. मोठमोठ्या पाहुण्यांच्या चादरींचं औषध नलूच्या साड्यांना लागणार. तिच्या हयातीत तिच्या अंगावरचं कापड कधी त्या मशीनमध्ये गेलं नव्हतं; आपली लुगडी ती विहिरीवरच आपटायची. तो लगबगीनं घरी गेला, तिन्ही साड्या आणि फाटक्यांचं उरलेलं गाठोडंही घेऊन आला, आणि मशीन एकदा फिरून थांबल्यावर म्हणाला,

"वहिनी, आनखी एकदा लावा. औषध जरा सडळ घाला."

सुचिताबाईंनी पुन्हा लावलं.

वादळातून वाचलेल्या दोन माडांमध्ये बांधलेल्या तारेवर साड्या वाऱ्यावर फुगल्या. पिवळी तर अशी उजळली की दादू कितीतरी वेळ मान वर करून बघत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा तो त्या रंगाकडे खालून बघत होता. सुपारीच्या चिकाचे तपकिरी डाग तेवढे मांडीपाशी तसेच राहिले होते. ते कशानंच जात नाहीत.

घरी येऊन त्यानं साड्या दांडीवर टाकल्या, मुद्दाम खाली, आणि खाटेवर बसून बघत राहिला. ठमी लंगडत आली. पिवळ्या साडीला तिनं नाक लावलं. शिंकली. जांभळीला लावलं, निळीला लावलं. मग तिथंच थोडा वेळ उभी राहिली आणि उंबऱ्यावर जाऊन पाठ करून पडली. दुपार गेली, संध्याकाळ झाली, तिनं मान वळवली नाही.

विठोबा आला तसा दादू त्याला म्हणाला, "सुटली खोड. एका दिवसात सुटली. वहिनींनी बरोबर सांगितलान." त्याला आनंद झाला होता. तीन तरी वाचल्या.

विठोबाला वाटेला लावून त्यानं दिवा लावला आणि रोजच्यासारखा दांडीशी गेला. पिवळ्या साडीत तोंड घातलं.

सुचिताबाईंच्या खोल्यांचा वास आला. स्वच्छ, गोडसर, कुणाचाच नसलेला. त्यानं दुसरी घडी उलगडली, तिसरी उलगडली. काठ हुंगले, निऱ्या बसतात ती जागा हुंगली, पदराची गाठ सोडून बघितली, फाटक्यांचं गाठोडंही सोडून बघितलं. डाग होते. डागांनाही वास नव्हता. आधी कोण झोपलं होतं ते नाकाला कळलं म्हणजे आपलं धुणं फुकट. नलूचं धुणं कधी फुकट जायचं नाही, आणि हेही गेलं नव्हतं.

दादू साडी हातात घेऊन उभा राहिला. कुणी मेल्याचा निरोप आल्यावर माणूस उभं राहतं तसा. तिला नेली तेव्हा तो इतका रडला नव्हता. तेव्हा माणसं होती, काम होतं, लाकडं आणायची होती. आता त्यानं भिंतीला डोकं टेकलं आणि तो रडला. आपल्या हातानं केलं. वर दोनदा लावायला सांगितलं.

ठमीनं उंबऱ्यावरून बघितलं. ती उठली नाही.

मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली आणि प्रणाली आपल्या मुलीला, साक्षीला, घेऊन चार दिवस आली. जाण्याच्या दिवशी दादूनंच दांडीवरच्या तिन्ही साड्या उतरवून तिच्यापुढे ठेवल्या.

"आत्याला एक दे, काकीला एक दे. एक तू ठेव."

प्रणालीला विश्वास बसेना. तिनं पिवळी छातीशी धरली. "बाबा, किती स्वच्छ ठेवल्यात तुम्ही. आईसुद्धा एवढी काळजी घेत नव्हती." आणि डोळे पुसले. तिला आनंद झाला होता, तो खोटा नव्हता. साक्षीनं साडीला नाक लावलं आणि म्हणाली, "छान वास येतोय, आजोबा."

दादूनं मान हलवली. त्यांना एस.टी.त बसवून तो परतला.

घरात दांडी रिकामी होती. आता काही चावायला उरलं नव्हतं आणि काही वाचवायलाही. आंघोळीचं पाणी तापवायला सोडणं हवीत म्हणून तो मागच्या खोपटीत गेला. ठमी हल्ली दुपारची तिथं पडून असे. आज मात्र पुढं ओटीवर पाणी प्यायला गेली होती. दादूनं ढिगाच्या तळातून एक सोडण ओढलं, आणि त्याबरोबर खाली काहीतरी केशरी दिसलं.

तो गुडघ्यावर बसला. ढिगाखाली ठमीनं खळगा केला होता. त्यात केशरी पदराचा हातभर तुकडा, गुलाबी काठाची चिंधी, लाल साडीचे दोन-तीन लचके. खाल्लं नव्हतं तिनं काही. चावून चावून तोडायचं आणि इथं आणून ठेवायचं, एवढंच केलं होतं. इतके दिवस तो समजत होता की ती नासधूस करतेय.

केशरी तुकडा त्यानं उचलला. मातीनं माखलेला, लाळेनं कडक झालेला. त्यानं तो नाकाशी धरला. कुत्रीचा वास आला, मातीचा आला, काथ्याचा आला. त्यानं डोळे मिटले आणि धीर धरला. मग अगदी तळातून, किंचितशी, मशेरी आली. तिच्यामागून ओली सुपारी.

नलू आली. खाली उभी होती, दोरी धरून.

मागं गुरगुर झाली. आजवर ठमी कधी गुरगुरली नव्हती, कळशीचा मार खाल्ला तेव्हासुद्धा नाही. आज दारात उभी राहून दात दाखवत होती. मागचा पाय अजून जरा उचललेलाच होता.

दादूनं तुकड्याकडे बघितलं. तिच्याकडे बघितलं. मुठीत धरून उठला असता तर दोन वितींचं ते जनावर काय करणार होतं? त्यानं तुकडा पुन्हा एकदा नाकाशी नेला, पोटभर हुंगला, आणि खळग्यात होता तसा ठेवला. वर सोडणं रचली.

"ऱ्हाऊ दे, ठमे," तो म्हणाला. "तू ठेवलंस. मी धुवून टाकलं."

तो बाजूला सरकून भिंतीशी बसला. ठमी आली, खळग्यावर पोट टेकून बसली आणि त्याच्याकडे बघत राहिली. पाणी तापवायचं राहिलं होतं, पण त्या दिवशी दादूनं आंघोळ केली नाही.